‘जबाबदारी नाही’ची ओळ आणि व्यावसायिक विमा

पंचकर्म केंद्रांतील संमतीपत्रे चाळली असता त्यांत एक ओळ वारंवार आढळते – ‘उपचारादरम्यान काही बरेवाईट झाल्यास वैद्य अथवा केंद्र जबाबदार राहणार नाही.’ खाली रुग्णाची सही. ही ओळ म्हणजे अभेद्य कवच, अशी समजूत आपल्या काही व्यवसायबंधूंमध्ये इतकी दृढ आहे की, तिच्या भरवशावर ते विम्याचा विचारही करीत नाहीत. आमच्या मते ही समजूत घातक आहे.

शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात स्पष्ट केले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. रुग्णाने सही केली, ती उपचारातील अंगभूत धोक्यास. वैद्याच्या हलगर्जीपणास नव्हे. हलगर्जीपणाची माफी आगाऊ लिहून घेणे लोकहिताविरुद्ध ठरते आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या २३ व्या कलमानुसार लोकहिताविरुद्धचा करार रद्दबातल असतो. शिवाय ग्राहकावर अन्याय करणाऱ्या करारातील अटी रद्द ठरविण्याचा अधिकार नव्या कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला आहे.

मग संमतीपत्र निरर्थक का? मुळीच नाही, मात्र त्याचे बळ त्या ओळीत नसून रुग्णास काय समजावून सांगितले त्याच्या नोंदीत आहे. सुश्रुताचार्यांनी अश्मरीचिकित्सेत, शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, हे मांडून राजाची अनुमती घेण्यास सांगितले आहे. धोका आधी उघड करावा, मग कर्म करावे, हा क्रम आपल्याला नवा नाही. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेस लागू होत नाही. तसेच रुग्ण सज्ञान असून केवळ भुलेमुळे तात्पुरता बेशुद्ध असेल, तर त्याच्याऐवजी आईने दिलेली संमती पुरत नाही. यास्तव वमन, बस्ती, अग्निकर्म, क्षारसूत्र यांना एकच छापील कागद चालविणे योग्य नव्हे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात वर्णिलेल्या वमन-विरेचनाच्या व्यापदांपैकी ज्या त्या रुग्णात संभवतात, त्या त्याच्या भाषेत लिहाव्यात. पर्यायी उपचारही नोंदवावेत.

आता विमा. ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ या नावाने मिळणारी ही पॉलिसी नुकसानभरपाई तसेच बचावाचा खर्च मर्यादेपर्यंत उचलते. फौजदारी दंड तिच्यात येत नाही. आपल्या अर्हतेबाहेरचे उपचारही सामान्यतः वगळलेले असतात. आपण आधुनिक औषधे वापरत असल्यास राज्याचा नियम काय आहे ते पाहून प्रस्तावअर्जात तसे नमूद करावे. लपविल्यास नेमक्या गरजेच्या वेळी विमा हातचा जाईल. व्यक्तिगत पॉलिसी वैद्यापुरती असते. अभ्यंग करणारे साहाय्यक आणि केंद्र यांचा समावेश झाला आहे का, हे विचारून घ्यावे. तेलाने निसरड्या झालेल्या फरशीवरून रुग्ण घसरला, तर प्रश्न चिकित्सेचा नसून जागेचा होतो आणि त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी लागू शकते. (आमच्या व्यवसायात ही शक्यता वमनाच्या अतियोगाहून कमी नाही!)

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा असा की, ही पॉलिसी बहुधा ‘दावा केव्हा झाला’ या तत्त्वावर चालते. उपचार कोणत्या वर्षी केला यापेक्षा दावा आला त्या दिवशी पॉलिसी जिवंत आहे का, आणि उपचाराचा दिवस पॉलिसीवरील पूर्वलक्षी दिनांकानंतरचा आहे का, हे पाहिले जाते. एक वर्ष हप्ता चुकला की तो दिनांक पुढे सरकू शकतो व मागील सर्व वर्षे उघडी पडतात.

नोटीस आल्यास त्याच दिवशी विमा कंपनीस लेखी कळवावे. आयोगापुढे उत्तर देण्यास ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरविले आहे. रुग्णाची विचारपूस अवश्य करावी, पण कंपनीच्या संमतीविना पैशाचा शब्द देऊ नये किंवा दायित्व मान्य करू नये. ही पॉलिसीची अटच असते. केसपेपरात मागाहून खाडाखोड तर कदापि करू नये.

ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि सबळ कारण असल्यास विलंब माफही होतो. त्यामुळे वयोमानाने दवाखाना बंद करणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांनीही पॉलिसी लगेच सोडू नये. व्यवसाय थांबल्यावर संरक्षण किती काळ व कोणत्या हप्त्यात चालू ठेवता येईल, हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि केसपेपर तोवर जपून ठेवावेत.