दूरचा विमानप्रवास आणि पायांतील रक्ताची गुठळी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असून थेट विमानासही साधारण १६ तास लागतात. सलग ४ तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पोटरीतील रक्तप्रवाह मंदावतो व खोल शिरेत गुठळी होण्याचा संभव वाढतो; मग तो प्रवास विमानाचा असो वा बसचा. परदेशी मुलांकडे निघालेले वृद्ध, गर्भवती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रवासात अधूनमधून घोटे फिरवावेत, उठून चालावे. झोपेची गोळी घेऊन निश्चल पडून राहू नये. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत एकाच पायाला सूज, पोटरीत वेदना किंवा अचानक धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे व केलेल्या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी.