दारापुढचा ओटा कशाचा बांधावा?

घर बांधायला काढले की घरातली सगळी माणसे भिंती, खिडक्या आणि स्वयंपाकघर यांचाच विचार करतात. दारापुढच्या ओट्याची आठवण होते अगदी शेवटी, पैसे संपत आल्यावर. गवंडी विचारतो, "ओट्याला काय घालू?" आणि आपण म्हणतो, "आतल्या उरलेल्या फरशा आहेत ना, त्याच घाला."

आमच्याकडे असेच झाले. चकचकीत फरश्यांची पाच-सहा खोकी उरली होती, ती ओट्याला आणि पायऱ्यांना लावली. दिसायला झकास! श्रावणात एका सकाळी आई धार काढून आली. पाय ओले, वरून झिमझिम. चरवी एकीकडे आणि आई एकीकडे. मांडीचे हाड मोडले. त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही. ओट्यात किती पैसे वाचले होते, त्याचा हिशेब आमच्या घरात आता कुणी काढत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, घरातल्या फरशीचा नियम ओट्याला लावू नका. ओट्यावर पाऊस पडतो, चिखलाचे पाय येतात, पोती आपटतात, उन्हाळ्यात ऊन तापते आणि संध्याकाळी घरातले म्हातारे माणूस तिथेच टेकते. त्याला जे सोसेल तेच घालावे.

पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन तुम्ही कधी तरी जातच असाल. पट्टी हातात पडेपर्यंत दोन-तीन तास मोकळे मिळाले तर शनिवारवाडा पाहून या. इतिहासासाठी तर पाहाच, पण बांधकाम करणाऱ्याच्या नजरेनेही पाहा. १७३० साली त्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. वरचे मजले लाकडी होते, ते १८२८ च्या आगीत गेले. आज आत फिरताना दिसतात ती दगडी जोती. एवढ्या वर्षांचे पावसाळे त्यांच्यावरून गेले, पण जोते जागेवर आहे.

तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर विश्रामबागवाडा आहे, १८०७ सालचा. त्याचे नक्षीदार लाकूडकाम बघत राहावे असे आहे. जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत पुरत नसत. खाली दगडाचा तळखडा आणि त्यावर खांब. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून ही युक्ती. आपण मात्र आज पडवीचा वासा सरळ मातीत गाडतो आणि चार वर्षांनी वाळवी लागली म्हणून कपाळावर हात मारतो.

पुण्याच्या आसपास आणि पुढे सगळ्या देशावर काळा दगड मुबलक. तुमच्या विहिरीच्या खोदाईतही तो निघाला असेल. पायरीसाठी दगड निवडताना हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड मऊ आहे, तो भरावात टाका. पाथरवटाला सांगा, वरचा भाग गुळगुळीत करू नको, टाकीचे घाव राहू दे. त्या खडबडीवरच ओला पाय धरतो. या दगडाचा एकच दोष, दुपारच्या उन्हात तो फार तापतो. वर पडवी काढा किंवा पश्चिमेला एक लिंब लावा.

घडीव दगड महाग पडत असेल तर कर्नाटकातली शहाबादी किंवा राजस्थानची कोटा फरशी घ्यावी, पण बिनपॉलिशची. पॉलिश केलेली फरशी आणि आमची ती चकचकीत फरशी, पावसात दोन्ही सारख्याच. शहाबादी घेताना कडा पाहा; पापुद्रे सुटलेले दिसले तर ती परत करा. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, त्यामुळे अॅसिडने धुऊ नयेत, आणि लिंबू-चिंचेचे पाणी सांडले तर लगेच पुसून घ्यावे, नाही तर डाग बसतो.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात सोयीचा म्हणजे सिमेंटचा कोबा. सलग मोठा कोबा तडकतो, म्हणून मधे पट्ट्या घालून चार-चार फुटांचे चौकोन पाडून घ्या. कोबा ओला असतानाच वरून हलक्या हाताने खराटा फिरवा, म्हणजे बारीक रेघा उठतात आणि पाय घसरत नाही. गवंडी घोटून गुळगुळीत करायला निघेल, कारण त्यात त्याला आपली कारागिरी दिसते. त्याला थांबवा. नंतर निदान दहा दिवस पाणी मारा. उन्हाळा असेल तर वर ओली पोती टाका.

शेणामातीने सारवलेला ओटा थंडगार आणि धान्य वाळवायला उत्तम, पण उघड्यावर तो पावसात टिकत नाही. सारवायचे काम घरातल्या बायकांच्या कमरेवर पडते, हेही पुरुषांनी लक्षात घ्यावे.

शहरात हल्ली बंगल्यापुढे लाकडी फळ्यांचा ओटा करतात, त्याला डेक म्हणतात. हौस असेल तर जुन्या घराचे सागवान वापरा. खाली दगडाचे किंवा सिमेंटचे ठोकळे, हवा खेळेल एवढी जागा, फळ्यांत पाव इंचाची फट आणि पावसाळ्याआधी दरवर्षी जवसाच्या तेलाचा हात. ट्रॅक्टरचे जळके ऑइल तिथे नको. त्यावर मुले रांगतात. भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्याही मिळतात. त्यांना वाळवी सहसा लागत नाही, पण त्या उन्हात चटका बसण्याइतक्या तापतात.

वर काहीही घाला, खालची जमीन काळी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यात महागातली फरशीही उकलते. ती खणून काढून मुरूम भरा, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोका. ओटा घराच्या भिंतीशी घट्ट जोडू नका, मधे बोटभर सांधा ठेवा. दहा फुटांना दोन इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या. पायऱ्या सहा इंचांच्या आणि सगळ्या एका मापाच्या हव्यात. एखादीच उंच राहिली तर अंधारात हमखास ठेच लागते. आणि बाजूला धरायला एक लोखंडी नळ. आम्ही तो आईच्या पडण्यानंतर लावला.

फरशी पसंत करायला जाल तेव्हा दुकानातच तिचा एक तुकडा जमिनीवर ठेवून पाण्याने ओला करा आणि चपला काढून त्यावर उभे राहून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या. घरातल्या म्हातारीलाही बरोबर न्या.