कोलोनोस्कोपीतील उपद्रव आणि क्लिपचिकित्सा : वैद्य व औषधविक्रेत्यांनी जाणावयाच्या गोष्टी

मलावाटे रक्त जाणे, दीर्घकाळचा मलावष्टंभ किंवा अतिसार, कारण न सापडणारा पांडु अशा लक्षणांसाठी बृहदंत्राची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, आता सर्रास केली जाते. निडी, नागोठणे, रोहा, पेण या पट्ट्यातील रुग्ण त्यासाठी बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी परततात. तपासणी शहरात होते. उपद्रव मात्र कधी कधी आठवड्याने गावात प्रकट होतो. अशा वेळी रुग्ण प्रथम येतो तो आपल्या चिकित्सालयात किंवा औषधाच्या दुकानात. म्हणून हे उपद्रव कोणते, त्यांवर क्लिप कशी काम करते आणि आपले कर्तव्य कोणते, याची माहिती आपल्या व्यवसायबंधूंना असणे अगत्याचे आहे.

उपद्रव कोणते?

कोलोनोस्कोपी ही एकंदरीत सुरक्षित तपासणी आहे. तिचे दोन उपद्रव मात्र गंभीर आहेत : रक्तस्राव आणि आंत्रछिद्र. निव्वळ तपासणीत छिद्र पडण्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. परंतु तपासणीतच पॉलिप, म्हणजे आंत्राच्या अंतस्त्वचेवर वाढलेला अंकुर, काढला तर दोन्ही उपद्रवांची शक्यता वाढते. पॉलिप तारेच्या फाशात धरून बहुधा विद्युत्दाहाने कापतात. तो जितका मोठा, तितका धोका अधिक. बृहदंत्राची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते आणि उजव्या बाजूस, उंडुकापाशी, ती सर्वांत पातळ असते.

रक्तस्राव तत्काळ होतो किंवा विलंबाने. विलंबित रक्तस्राव बहुधा पहिल्या चौदा दिवसांत होतो. दग्ध भागावरची खपली सुटली की खालची रक्तवाहिनी उघडी पडते, हे त्याचे कारण. छिद्र दुर्बिणीच्या दाबाने, हवेच्या अतिताणाने किंवा दाहाने पडते. दाहजन्य छिद्र काही वेळा एकदोन दिवसांनी उघडते.

क्लिपचे कार्य

कोलोनोस्कोपीतून पॉलिप काढण्यास अमेरिकेत १९६९ मध्ये शिन्या व वुल्फ यांनी आरंभ केला. दुर्बिणीतून लावावयाची धातूची क्लिप जपानमध्ये हायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वर्णिली. ती आरंभी वापरण्यास किचकट होती. पुढे १९८० च्या दशकात हाचिसू यांच्या सुधारणांनंतर ती सुलभ झाली. १९९३ मध्ये हॅम्बुर्ग येथील बिनमोलर प्रभृतींनी अर्बुद काढताना आमाशयास पडलेले छिद्र क्लिपांनी बंद केल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये जपानमधील योशिकाने प्रभृतींनी बृहदंत्राच्या छिद्राबाबत तसाच अनुभव मांडला. तोवर छिद्र म्हणजे उदराचे शस्त्रकर्म असेच समीकरण होते.

क्लिपची रचना साधी आहे. दुर्बिणीच्या अंतर्मार्गातून एक बारीक नळी पुढे सरकवतात. तिच्या टोकाशी चिमट्यासारखे दोन जबडे असतात. ते उघडून रक्तवाहिनीच्या किंवा छिद्राच्या दोन्ही कडा पकडतात, मिटवतात आणि क्लिप तेथेच सोडून नळी बाहेर काढतात. रक्तस्राव थांबतो तो केवळ दाबाने. तेथे नव्याने दाह होत नाही. पातळ भिंतीवर हा मोठाच लाभ आहे. लहान छिद्रास अशा काही क्लिपा ओळीने लावतात. मोठ्या छिद्रासाठी दुर्बिणीच्या टोकावर टोपीप्रमाणे बसवून नेण्याची मोठी क्लिप वापरतात. ती भिंतीची पूर्ण जाडी पकडते. काही दिवसांनी वा आठवड्यांनी क्लिप आपोआप सुटून मलावाटे निघून जाते. काही वेळा ती अधिक काळ टिकते.

छिद्र तत्काळ ओळखले गेले तर क्लिपचा उपयोग सर्वाधिक होतो. तपासणीपूर्वी कोठा स्वच्छ केलेला असल्याने उदरपोकळीत मल फारसा उतरलेला नसतो. त्यानंतर लंघन, शिरेवाटे द्रव, प्रतिजैविके आणि रुग्णालयात निरीक्षण आवश्यक असते. उदरावरणास शोथ झाल्यावर मात्र क्लिप पुरेशी ठरत नाही. शस्त्रकर्म करावे लागते. येथे वेळेलाच महत्त्व आहे.

उपद्रव होण्यापूर्वीच क्लिप लावावी काय, याचाही अभ्यास झाला आहे. २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, बिनदेठाचे पॉलिप काढलेल्या ९१९ रुग्णांचा अमेरिका व अन्य देशांतील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम क्लिपांनी मिटविलेल्यांत विलंबित रक्तस्राव ३.५ टक्के, तर न मिटविलेल्यांत ७.१ टक्के आढळला. हा लाभ मुख्यतः उजव्या बाजूच्या पॉलिपांत दिसला. तेथे हे प्रमाण ९.६ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. म्हणूनच प्रत्येक रुग्णास क्लिप लावलेली असेलच असे नाही.

आपल्या संहितांचा दृष्टिकोन

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात परिस्रावी उदराचे शस्त्रकर्म आले आहे. उदर उघडून, चार अंगुळे आंत्र बाहेर काढून, शल्य दूर करून छिद्राच्या कडा जुळवाव्यात, त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश घडवावा आणि मग मुंग्यांची शरीरे काढून शिरे तेथेच ठेवावीत, असा तो विधी आहे. चरकाचार्यांनीही उदरचिकित्सेत छिद्रोदरासाठी मुंग्यांचा उल्लेख केला आहे. कडा यांत्रिकरीत्या धरून ठेवणे आणि धरणारी वस्तू आतच सोडणे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. तथापि दुर्बिणीची क्लिप आपल्या ग्रंथांत होती, असे म्हणणे योग्य नव्हे. सुश्रुतांचा विधी उदर उघडून बाहेरून करावयाचा. क्लिप आतून, उदर न उघडता लागते.

सुश्रुतसूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे रक्तस्तंभनाचे चार उपाय सांगून दहन शेवटी ठेवले आहे. शक्य तेथे दाह टाळावा, हा विवेक क्लिपच्या वापरातही दिसतो.

व्यवहारात याहून महत्त्वाचा आहे तो निषेध. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील दुसऱ्या अध्यायात क्षतगुद आणि अधोग रक्तपित्ती यांना विरेचन निषिद्ध सांगितले आहे. छिद्रोदरास आस्थापन बस्ती निषिद्ध आहे. कोलोनोस्कोपीनंतर उपद्रव झालेला रुग्ण नेमका याच गटात बसतो.

आपण काय करावे?

मलावाटे रक्त किंवा उदरशूल घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णास विचारावे : गेल्या महिन्याभरात दुर्बिणीची तपासणी झाली का? काही काढले का? क्लिप लावली का? रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का? रुग्णालयाचा कागद पाहावा.

पहिला सापळा रक्ताचा. रुग्ण जुना अर्शाचा असला की तो स्वतःच "मूळव्याध उठली" असे सांगतो. परंतु पॉलिप काढल्यानंतर चौदा दिवसांत गाठी पडणारे वा पुनःपुन्हा येणारे रक्त रक्तार्श समजून बोलबद्ध रस किंवा कुटजघन वटी देऊन वाट पाहू नये. स्तंभन औषधाने शहराकडे पाठविण्यास विलंब होता कामा नये.

दुसरा सापळा वाताचा. तपासणीनंतर काही तास पोट फुगणे स्वाभाविक आहे. वायू सरला की आराम पडतो. परंतु वाढत जाणारा शूल, ताठर उदर, ज्वर, जलद नाडी, वांती किंवा खांद्यात वेदना ही लक्षणे असतील तर आध्मान समजून एरंडस्नेह, इच्छाभेदी किंवा बस्ती देणे प्राणघातक ठरू शकते. छिद्र न पडता केवळ दाहानेही ज्वर व शूल होतो आणि तो बहुधा शस्त्रकर्माविना शमतो. पण हा भेद चिकित्सालयात बसून करता येत नाही. रुग्णास तोंडाने काही न देता रुग्णालयात पाठवावे.

चक्कर, घाम, थंड हातपाय किंवा क्षीण नाडी असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रोहा व पेण येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात प्रथमोपचार सुरू करून, तपासणी केलेल्या केंद्राशी तत्काळ दूरध्वनीवर बोलावे.

औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीविना आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके किंवा तीव्र रेचके अशा रुग्णास देऊ नयेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल बंद करणे किंवा पुन्हा सुरू करणे हा निर्णय तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचा आहे. दुकानातून त्यावर सल्ला देऊ नये.

क्लिप असलेल्या रुग्णास एमआरआय सांगितला गेल्यास त्याने क्लिपची माहिती अवश्य द्यावी. काही क्लिपा विशिष्ट अटींवरच एमआरआयसाठी सुरक्षित असतात, तर काही असुरक्षित असतात. क्लिप अजून आत आहे की नाही, हे साध्या क्ष-किरण चित्रात दिसते. मलात धातूचा बारीक तुकडा दिसल्यास, अन्य लक्षण नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. पंचकर्मासाठी येणाऱ्या रुग्णास बस्ती वा विरेचन देण्यापूर्वी तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाची लेखी संमती घ्यावी.

क्लिप लावणे हे आपले काम नाही. परंतु क्लिप लागण्याची वेळ टळू न देणे हे निश्चितच आपल्या हाती आहे. निडीसारख्या गावातून शहरापर्यंतचे अंतर आपण कमी करू शकत नाही. योग्य प्रश्न वेळेवर विचारून मधला वाया जाणारा काळ मात्र कमी करू शकतो.