एच.ए.तली हवा

सोव्हिएत काळातली सरकारी वास्तू शोधायची म्हटली, तर पिंपरीत त्या जातकुळीचं जुनं नाव म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, गावच्या तोंडी नुसतं ‘एच.ए.’. सोव्हिएत मदत खरं तर आयडीपीएल या दुसऱ्या सरकारी औषध कंपनीला मिळाली. तिचे ऋषिकेश आणि हैदराबादचे कारखाने नंतरचे. एच.ए. १९५४ची, आणि तिच्या पाठीशी होत्या जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ. पण घडण त्याच काळाची: सरकारी कारखाना, जोडीला कॉलनी, शाळा, मैदान. तेव्हा पिंपरीत टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पत्ता नव्हता. होता तो फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंध्यांचा कॅम्प.

इतिहास एवढा पुरे. मी अडकलो ते हवेपाशी.

एच.ए.त बनायचं त्या पेनिसिलीनची बुरशी बंद टाकीत वाढते आणि तिला सतत प्राणवायू लागतो. मक्याचा अर्क, साखर, फिरतं पातं आणि खालून अहोरात्र सोडलेली हवा. ही हवा निर्जंतुकच हवी. बाहेरचा जिवाणू शिरला, तर साखर खातोच, वर पेनिसिलीन तोडणारं विकरही सोडू शकतो. मग अख्खी बॅच गटारात. म्हणून हवा दाबून तंतूंच्या जाड थरांतून गाळायची, नळ्या आणि व्हॉल्व्ह वाफेने शेकायचे, टाकीत दाब किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फट राहिलीच तर आतलं बाहेर येईल. फेस चढला की तेल सोडायचं. नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. एकेक बॅच अशी कित्येक दिवस सांभाळायची, तिन्ही पाळ्यांत. रात्रपाळीत डुलकी लागली तरी बुरशीचं श्वास घेणं थांबत नाही. यंत्रापेक्षा हा बाळंतपणाचा उद्योग वाटतो मला.

१९५५पासून इथे पेनिसिलीन बनू लागलं. बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसीन इथल्याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ तिरुमलाचारांनी शोधलं. नावातला ‘हॅ’ कंपनीचा.

पुढे आयात खुली झाली, स्वस्त चिनी माल आला आणि टाकीतला प्रत्येक किलो तोट्याचा ठरू लागला. १९९७ साली प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेलं. डिसेंबर २०१६मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, जादा जमीन विकून देणी फेडा. औषधापेक्षा जमिनीचीच चर्चा जास्त, याचा मला राग येतो. कारण २०२०मध्ये केंद्रानेच पेनिसिलीन-जी देशात बनावं म्हणून कारखानदारांसाठी प्रोत्साहन योजना काढली. त्याच्या आदल्याच वर्षी एच.ए.ला कामगारांचे थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी २८० कोटींचं कर्ज मंजूर झालं होतं.