जुन्या बाजारातली पारख

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी गर्दी उसळते. तिथे फायदा कुणाला होतो? घासाघीस करणाऱ्यापेक्षा वस्तू ओळखणाऱ्याला अधिक. नव्या वस्तूच्या किमतीत दुकानाचं भाडं, जाहिरात, वेष्टन असं सगळं मिळवलेलं असतं. एकदा वापरलेल्या वस्तूवरून ते उतरतं, पण लाकूड आणि धातू तेच राहतात. म्हणून वर्षानुवर्षं टिकणारं ते जुनं घ्यावं: सागवानी टेबल, बिडाचा तवा, पान्यांचा संच. पितळी पातेल्याला तर मोडीचा भाव असतोच. कल्हईचा खर्च धरूनही त्याच्या आसपास मिळालं, तर नुकसान होणं कठीण.

माल चोरीचा असेल ही शंका रास्त आहे. मोबाइल पावतीशिवाय घेऊच नये. त्याचा आयएमईआय क्रमांक केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासता येतो. हेल्मेट कितीही स्वस्त असलं तरी नको, कारण आतला तडा दिसत नाही. पण दुसऱ्याचं वापरलेलं म्हणून कपड्यांना नाक मुरडणं मला पटत नाही. आपणच बोहारणीला दिलेले कपडे पुढे जुन्या बाजारात विकले जातात आणि कुणाच्या तरी अंगावर पुन्हा शोभतात. शिवण, कॉलर आणि काखेजवळचं कापड उजेडात नीट पाहावं, घरी आणून गरम पाण्यात धुवावं आणि खुशाल वापरावं.