बालकांचा क्षय आणि घरांतील खोकला

राजयक्ष्मा हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. दक्षाच्या शापानें प्रत्यक्ष चंद्रासही तो जडल्याची कथा पुराणांत आहे. परंतु आजोबांच्या खोलींतून हा रोग नातवाच्या पाळण्यापर्यंत कसा पोंचतो व तेथें तो ओळखूं कां येत नाहीं, याचा विचार सुशिक्षित घरांतूनही क्वचितच होतो.

रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाचे जंतु जगापुढें मांडले. तेव्हांपासून बेडका तपासून निदान करण्याची रीत रूढ झाली. मोठ्या माणसांच्या बाबतींत ती ठीक. मुलांच्या बाबतींत ती लंगडी पडते. लहान मूल कफ थुंकत नाहीं, गिळून टाकतें; शिवाय त्यांत जंतूही थोडेच असतात. म्हणून तपासणींत जंतु दिसले नाहींत, एवढ्यावरून मूल निरोगी ठरत नाहीं. जगांत दरवर्षीं सुमारें बारा लाख मुलांस क्षय होतो, आणि त्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास मुलें उपचारापर्यंत पोंचतच नाहींत.

यास्तव प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीन प्रश्नांस मोठें महत्त्व आहे. ताप अगर खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे काय? वजन घटलें, किंवा वाढावयाचें थांबलें आहे काय? आणि घरांत कोणास क्षय आहे काय? गिळलेल्या कफांतील जंतु आतां मुलाच्या शौचांतही शोधतां येतात. जेथें अशी सोय नाहीं, तेथें लक्षणांची पद्धतशीर छाननी करून डॉक्टरांनीं उपचार सुरू करावे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सांगितलें. सौम्य क्षयास सहाऐवजीं चार महिन्यांचें औषध पुरतें, हेंही ज्या प्रयोगानें ठरलें, त्यांत चेन्नई व पुणें येथील मुलें होतीं.

पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तापमापक व तराजू देतील; तिसऱ्याचें उत्तर मात्र कुटुंबानेंच द्यावयाचें आहे. आणि नेमकें तेथेंच आपण मौन धरतों! मुलीचें लग्न जमावयाचें आहे, शेजारीं बोभाटा होईल, या भीतीनें वडील माणसाचा रोग ‘जुनाट दमा’ या नांवाखालीं झांकला जातो. त्या झांकपाकीची किंमत मांडीवरचें मूल देतें. वस्तुतः घरांतील रुग्ण वेळींच कळला, तर निरोगी मुलांसही प्रतिबंधक औषध देतां येतें. सरकारी केंद्रांत हे उपचार विनामूल्य आहेत.

कुलाची अब्रू रोग लपविल्यानें राहत नाहीं. कुलांतील मुलें जगविल्यानें राहते. घरांतील खोकला डॉक्टरांस न विचारतां सांगावा, इतकीच आमची गृहिणींस व कर्त्या पुरुषांस विनंती आहे.