ग्लासगोहून पत्र : स्कॅनच्या आधीची नोंद

नाशिकच्या कुठल्याही आयसीयूत जा, नर्सच्या हातातल्या तक्त्यावर ‘जीसीएस’ हा रकाना असतोच. वणीच्या ग्रामीण रुग्णालयातून डोक्याला मार लागलेला माणूस १०८ रुग्णवाहिकेतून नाशिकच्या सिव्हिलला निघाला, की त्याच्या चिठ्ठीवरही तो आकडा असायला हवा. त्यातला ‘जी’ म्हणजे ग्लासगो. हे पत्र मी त्याच शहरातून लिहिते आहे. क्लाइड नदीच्या दक्षिणेला गोव्हन भागात जुनं सदर्न जनरल हॉस्पिटल होतं. तिथल्या मेंदूविकार संस्थेत ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ साली रुग्णाच्या शुद्धीची ही मोजणी मांडली. जुन्या हॉस्पिटलच्या जागी २०१५ मध्ये नवं, अवाढव्य क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल उघडलं, पण ती संस्था त्याच आवारात आजही चालू आहे.

स्कॉटलंड किती मोठं, असं घरून फोनवर नेहमी विचारतात. २०२२ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास भरली. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११ मध्येच ६१ लाख होती. एवढ्या लोकांसाठी चौदा आरोग्य मंडळं आहेत आणि सगळा कारभार सरकारी आहे. रुग्णाला खिशात हात घालावा लागत नाही. प्रत्येकाचा एक दहा आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. एक्स-रे आणि स्कॅन साठवण्याची व्यवस्था देशभर एकच आहे, म्हणून उत्तरेकडच्या बेटावर काढलेला स्कॅन ग्लासगोतला सर्जन आपल्या टेबलावर बसून पाहू शकतो. नातेवाइकाने मोठं पाकीट काखेत धरून एका दवाखान्यातून दुसऱ्यात धावायचं, हे दृश्य इथे दिसत नाही. मला इथल्या व्यवस्थेचं सगळ्यात जास्त अप्रूप याच गोष्टीचं वाटतं.

पण स्कॅन काढायचा की नाही हे ठरतं त्याच्या आधी, आणि बरंचसं नर्सच्या नोंदीवर.

सीटी स्कॅनचं यंत्रही ब्रिटनमधलंच. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विंबल्डनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं. १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. डोक्याला मार लागलेले रुग्ण मात्र रोज यायचे आणि गावोगावच्या छोट्या दवाखान्यांतच राहायचे. त्यांच्या कागदांवर ‘अर्धवट शुद्धीत’, ‘गुंगीत’, ‘प्रतिसाद कमी’ असे शब्द असत. सकाळच्या डॉक्टरांची गुंगी वेगळी आणि रात्रीच्या सिस्टरची वेगळी. १९७५ मध्ये जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बोलून मग गेलेल्या’ रुग्णांचा अभ्यास छापला. अपघातानंतर शुद्धीवर येऊन बोललेली ही माणसं नंतर दगावली होती. त्यातल्या अनेकांच्या कवटीत रक्ताची गाठ वाढत गेली होती. माणूस बोलतो आहे म्हणून सगळे निर्धास्त राहिले आणि गाठ उशिरा कळली. बोलणारा माणूस हळूहळू कमी बोलू लागला, हे कागदावर उमटायला हवं होतं.

अशा नोंदीसाठी टीसडेल आणि जेनेट यांनी तीनच गोष्टी पाहायच्या असं आधीच ठरवलं होतं: डोळे कशाने उघडतात, बोलणं कसं आहे, हात काय करतात. डोळ्यांना चारपर्यंत, बोलण्याला पाचपर्यंत, हालचालीला सहापर्यंत. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे पंधरा, आणि कमीत कमी तीन. १९७४ च्या मूळ मांडणीत बेरीज नव्हती, ती पुढे आली. टीसडेल यांचा आग्रह कायम तिन्ही आकडे सुटे लिहिण्याचा राहिला. ‘जीसीएस ११’ एवढंच लिहिलं तर माणसाचे डोळे मिटले आहेत की बोलणं गेलं आहे, हे पुढच्याला कळत नाही. महत्त्वाची बाब अशी की ही मोजणी विशेषज्ञाने करायची नव्हती. ती रात्रपाळीच्या नर्सने, नव्या डॉक्टरने, कुणीही केली तरी तोच आकडा यायला हवा होता. तो तसा येतो का, हे ग्लासगोकरांनी नर्सना सामील करून तपासलंही.

इथे पाळी बदलताना जाणारी आणि येणारी नर्स दोघी मिळून रुग्णाची तपासणी करतात. परवा माझ्याबरोबर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडत नव्हता. तिने आधी मोठ्याने नाव घेतलं, मग बोटाच्या टोकावर पेन आडवं धरून हळूहळू दाब वाढवत नेला. मग मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत दाबला. रुग्णाचा उजवा हात वर आला. तिने चार लिहिले, मी पाच म्हटलं. मग मी तिला परत पाहायला लावलं: हात गळ्याच्या हाडाच्या वर, दुखतं त्या जागेपर्यंत पोचतो आहे का? पोचत होता. म्हणजे मेंदूला दुखतं ती जागा सापडते आहे, म्हणून पाच. तिने खोडून आपली सही केली, वेळ टाकली आणि विचारलं, “रात्री दोन वाजता एकटी असेन तेव्हा मला कोण सांगणार?” तिचा अभ्यासाचा विषय त्या प्रश्नातून निघाला.

इथल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसाचा पहिल्या तपासणीत जीसीएस १२ किंवा कमी असेल तर तातडीने सीटी. आकडा १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाला पाहायचं. १५ झाल्यावरही दोन तास अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाला, आणि मग दोन-दोन तासांनी. मध्येच आकडा घसरला तर रात्री तीन वाजतासुद्धा डॉक्टरला उठवायचं. नोंद चुकली तर स्कॅन चुकतो.

आता विद्यार्थ्यांच्या संशोधनाविषयी. इथे नर्सिंगची पदवीच घ्यावी लागते, आणि शिक्षणातले किमान २,३०० तास प्रात्यक्षिक शिक्षणात जातात. त्या काळात विद्यार्थ्यांना वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजत नाहीत. दोन नर्स कमी आहेत म्हणून चार विद्यार्थी उभे केले, असं नियमाने करता येत नाही. स्कॉटिश सरकार विद्यार्थ्यांना वर्षाला दहा हजार पौंडांची वृत्तीही देतं. त्यामुळे त्यांना बघायला, थांबायला, विचारायला सवड मिळते. माझ्या मते संशोधनाची पहिली गरज तीच असते.

मात्र रुग्णावर संशोधन करण्याची मोकळीक पदवीच्या विद्यार्थ्यांना नाही. कोविडच्या काळात विद्यार्थ्यांचे प्रस्ताव तपासणं थांबलं होतं. २०२१ पासून नवे नियम आले आणि रुग्णांना सामील करणारं स्वतंत्र संशोधन पदवीच्या पातळीवर जवळपास बंद झालं. थोड्या समित्यांवर विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांचा भार, आणि एका सत्रात उरकलेल्या कामातून रुग्णाच्या पदरात काही पडत नाही, असा विचार त्यामागे होता. सुरुवातीला मला हा नियम जाचक वाटला. विद्यार्थ्यांबरोबर काम करताना त्याची दुसरी बाजू दिसली. मुलं आता प्रश्नावली वाटत बसत नाहीत. ती छापून आलेला अभ्यास खोलात वाचतात, नाहीतर वॉर्डात जे रोज होतं ते ठरलेल्या निकषाशी ताडून पाहतात. याला इथे ऑडिट म्हणतात. रुग्णाची माहिती उघडायची तर त्यासाठीही प्रत्येक मंडळात एक जबाबदार अधिकारी असतो. १९९७ च्या कॅल्डिकॉट अहवालावरून त्याला ‘कॅल्डिकॉट गार्डियन’ म्हणतात. त्याच्या संमतीशिवाय एक कागद बाहेर जात नाही.

आमच्या त्या विद्यार्थिनीने जुने तक्ते काढले. रेडिओग्राफी शिकणारा एक मुलगा तिच्या जोडीला आला. त्याच्याकडे स्कॅन कधी सुरू झाला आणि कधी संपला याच्या वेळा होत्या, तिच्याकडे नर्सच्या नोंदींच्या. दोन्ही शेजारी मांडल्यावर दिसलं ते असं, की रात्रीची नोंद बऱ्यापैकी नियमित होती. रुग्ण स्कॅनला नेला की मात्र तक्ता कोरा. वॉर्ड सोडला त्या क्षणापासून परत येईपर्यंत त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी नक्की कुणाची, हे ठरलेलंच नव्हतं. वॉर्डाला वाटे स्कॅनवाले पाहतील, आणि स्कॅनवाल्यांना वाटे रुग्ण वॉर्डाचा आहे. ज्या माणसाच्या डोक्यात गाठ वाढते आहे अशी शंका आहे, त्याचाच हा काळ होता. आता निघताना नोंद होते, सोबतची नर्स तक्ता घेऊन जाते, टेबलावरून उतरवल्यावर पुन्हा नोंद होते. खर्च काहीच आला नाही. दोन वेगळ्या शाखांची मुलं एका टेबलाशी बसली म्हणून हे दिसलं, आणि मला त्या दोघांचा फार अभिमान वाटतो.

नर्सिंग आणि चित्रण यांचं हे शेजार या शहरात जुनं आहे. ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत मेट्रन रिबेका स्ट्राँग यांनी सर्जन विल्यम मॅकेवन यांच्या साथीने १८९३ मध्ये मुलींना वॉर्डात पाठवण्याआधी शिकवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच रुग्णालयात १८९६ मध्ये, म्हणजे राँटगेन यांच्या शोधानंतर वर्षभरातच, जॉन मॅकिन्टायर यांनी एक्स-रे विभाग उघडला. एका मुलाच्या घशात अडकलेलं नाणं त्यांनी त्यावर दाखवलं होतं.

सोनोग्राफीही ग्लासगोचीच. इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि लोखंडातल्या भेगा शोधायच्या यंत्रावर तपासल्या. १९५८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज इथे गरोदर बाईची सोनोग्राफी बहुतेक वेळा डॉक्टर करतच नाहीत. प्रशिक्षित रेडिओग्राफर किंवा सुईण ती करते आणि समोरच बसून बाईला सांगते. शिरेत लांब नळी घालताना नर्सही सोनोग्राफीचं यंत्र वापरते. हे मी वणीच्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या चकित होतात, कारण आपल्याकडे त्या यंत्राभोवती कायद्याचं कुंपण आहे. ते असायलाच हवं होतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला. मुलींचे जीव जात होते म्हणून हे यंत्र मोजक्या हातांत बांधलं गेलं. इथली पद्धत उचलून तिथे लावा, असं मी म्हणणार नाही.

जीसीएसला मात्र कुठलाच परवाना लागत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. ते म्हसरूळला आहे, आणि त्याच्या पत्त्यात ‘वणी-दिंडोरी रोड’ असंच लिहितात. राज्यातले नर्सिंगचे एमएस्सीचे बहुतेक प्रबंध याच विद्यापीठाकडे जातात. आपल्याकडच्या प्रबंधांत एक साचा फार रुळला आहे: आधी प्रश्नावली, मग माहितीचा तास, मग तीच प्रश्नावली, आणि गुण वाढले की निष्कर्ष तयार. कुणाला काय माहीत आहे ते त्यातून कळतं. रात्री दोन वाजता रुग्णापाशी काय घडतं, ते नाही. शिक्षकांनी हा साचा मोडायला हवा.

विद्यापीठाच्या पत्त्यातल्या त्याच वणी-दिंडोरी रस्त्यावर विषय पडले आहेत. जुलै २०२३ मध्ये सप्तशृंगी गडाच्या घाटात एसटी दरीत गेली तेव्हा जखमींना वणीच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं होतं. सीटीसाठी नाशिक गाठायचं म्हणजे चाळीसेक किलोमीटर. अशा रुग्णाचा आकडा वणीत लिहिला जातो का, १०८ मध्ये पुन्हा पाहिला जातो का, सिव्हिलमध्ये तिसऱ्यांदा? तिन्ही कागद शेजारी ठेवले तर आकडा कुठे घसरला आणि किती वेळ कुणी पाहिलं नाही, ते दिसेल. बोलण्याच्या गुणांचंही पाहायला हवं. सुरगाण्याकडची कोकणा आजी महिना विचारल्यावर ‘चैत’ म्हणाली तर ती पूर्ण शुद्धीत आहे. नव्या, शहरातल्या सिस्टरला हे कुणी सांगितलेलं असतं का? नाकातून पोटात घातलेल्या नळीचंही तसंच. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची पद्धत ब्रिटनने २००५ मध्ये बंद केली, कारण फुप्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देते. इथे नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच पट्टीवर पाहतात. तो ५.५ च्या वर आला किंवा द्रवच निघाला नाही, तर एक्स-रे, आणि तोवर नळीतून काही द्यायचं नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक्स-रे काढणारा नसेल तेव्हा सिस्टर काय करतात, हे कुणी जाऊन नोंदवलं तर ते मोलाचं काम होईल.

यासाठी कॉलेजच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी, रुग्णालयाच्या अधीक्षकांची संमती आणि नावं झाकलेल्या नोंदी एवढंच लागतं. मोजणीचा तक्ता आणि ती कशी करायची याची चित्रफीत ग्लासगोकरांनी इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा भागातल्या नर्सिंगच्या मुलींपैकी कुणाला असं काम हाती घ्यायचं असेल, तर त्यांनी संपादकांकडे चिठ्ठी द्यावी. आमच्या विद्यार्थिनीने नोंदी ताडण्यासाठी आखलेला कोरा नमुना, तिच्या परवानगीने, मी मराठीत करून पाठवेन.